हळदीच्या डागाला ऊन

हबीबचाचांच्या हातात कुणी गालिचा दिला की आधी त्यांचं तोंड उतरायचं. एरवी गिऱ्हाईक आलं की माणूस खूश होतो, बसा म्हणतो, चहा सांगतो. हे मात्र कोर्टाचं समन्स आल्यासारखे उभे राहायचे. मग प्रश्न सुरू. "कशाचा हाय? कुठून आणला? आधी कधी धुतल्ता का? कशानं धुतल्ता? घरात लेकरू हाय का? मांजर?" एकदा एक तालेवार बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, गालिचा धुवायचाय, मुलगी द्यायची नाहीये." चाचा तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "मुलगी रुसून माहेरी गेली तर वापस येते बाई. रंग गेला की न्हाई येत."

भोकरदनला बाजार समितीच्या मागच्या अंगाला एक बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, भांडी, जाजमा, सगळं लग्नकार्याला भाड्यानं देणारं. त्याच्या मागच्या फरशीच्या अंगणात आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये चाचांचं काम चालायचं. मालकाच्या जाजमा धुवून द्यायच्या, त्या बदल्यात जागा वापरायची, असा त्यांचा आपसातला ठराव. तालुक्यात कुणाकडं सतरंजी, जाजम, गालिचा, दर्ग्याची चादर, देवळाच्या सभामंडपातली बैठक, काहीही मळलं की तिथंच यायचं.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरी दाढी, पायजमा कायम घोट्याच्या वर दुमडलेला. आणि हात बघण्यासारखे. इतकी वर्षं पाण्यात काम करूनही बोटं एकदम कोरडी ठेवायचे. गालिच्याला हात लावायचा तोही तळहातानं नाही, उलट्या हातानं, आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो तसा. खिशात नेहमी एक धुतलेला पांढरा रुमाल असायचा. तो ओला करून, पिळून, गालिच्याच्या एका कोपऱ्यावर मागच्या बाजूनं दाबून धरायचे आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहायचे. मी एकदा विचारलं, दुआ म्हणता का? म्हणाले, "शंभरपर्यंत गिनून राह्यलो." मग रुमाल उघडून बघायचे. रुमालावर रंग उतरला असला की त्या गालिच्याला पाणी वर्ज्य. नसला उतरला तरी विश्वास नाहीच. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा शंभर.

दुसरी परीक्षा धाग्याची. मागून एक बारीक धागा काढायचा, काडीवर धरून जाळायचा आणि वास घ्यायचा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागद जळल्याचा आला तर सूत, आणि वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक. त्यावर ठरायचं की पाणी, कोरडी माती, नुसतं झटकणं, का ऊन. त्यांचं एक वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. "पाणी टाकणं सोपं हाय, काढणं मुश्किल." ज्या दिवशी गालिच्यावर पाणी टाकलं, तो सुकेपर्यंत हा माणूस जेवायचा नाही. डबा तसाच. दर पंधरा मिनिटांनी आभाळाकडं बघायचं आणि गालिच्याखाली उलटा हात घालायचा. त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, मी एकदा म्हणाले, "भाभी, हे इतकं का घाबरतात हो?" भाभी म्हणाल्या, "क्या बोलू बाई, मेरे साथ निकाह करते वक्त इत्ता नई सोचे!"

माझी त्यांची ओळख शाळेतली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पंचवीस वर्षं शिकवलं, त्यातली पंधरा भोकरदनला. आणि माझा स्वभाव, सांगायला लाज कसली, तडकफडक. मला एखाद्या कामाला दोन दिवस लागतात हे ऐकूनच डोकं चढतं. तर शाळेत वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून सभागृहाची मोठी जाजम चाचांकडं दिली होती. साहेब सकाळी अकराला येणार. साडेदहाला मी स्वतः आणायला गेले तर चाचा गुंडाळलेल्या जाजमेवर चक्क बसून.

"चाचा, उठा. जाजम द्या."

"गिली हाय, बाई."

"वरून तर सुकी दिसतीय."

"वरून तर मीही बरा दिसतो."

मी ओरडले. मुख्याध्यापक फोनवर ओरडले. चाचांच्या कपाळावर घाम, पाय हलतायत, पण उठायचं नाव नाही. "आतून गिली जाजम अंथरली अन् वर दोनशे लेकरं बसली, तर मंग जो वास उठंल ना, साहेब तपासणी सोडून पळतील. माझं नाव जाईल, तुमची शाळा जाईल." शेवटी साहेब खुर्चीवर आणि पोरं उघड्या फरशीवर बसली. साहेबांनी वहीत लिहिलं, सभागृह स्वच्छ. जाजम नव्हती म्हणूनच ते स्वच्छ दिसलं. तेव्हापासून मी चाचांना वरून शिव्या द्यायचे आणि मनातून मानायचे.

घाबरट म्हणावं तर दुसऱ्याची लाज राखायला माणूस एकदम धीट. धावड्याचा एक बागाईतदार लेकीच्या नव्या घरासाठी 'खास काश्मिरी रेशमी' गालिचा घेऊन आला होता. कुणीतरी चांगलाच गंडवला होता बिचाऱ्याला. सोबत जावई, व्याही, सगळा गोतावळा. चाचांनी धागा जाळला. गोळी झाली. मी तिथंच बसले होते, मला वास आला, आणि माझ्या तोंडावर आलंच होतं, 'अहो, हे तर...' चाचांनी माझ्याकडं असं काही बघितलं की मी जीभ चावली. ते पाव्हण्यांना म्हणाले, "लै मजबूत माल हाय. बिनधास्त पाण्यानं धुवा, घरीच धुवा, माझी गरज न्हाई. जालन्याला मशीनवर दिला तरी चालंल." बागाईतदार खुशीत, व्याह्यांपुढं छाती काढून गेला. मी म्हणाले, खरं का नाही सांगितलं? म्हणाले, "त्यानं कुठं विचारलं खरं काय? त्यानं विचारलं कसं धुवायचं. ते बराबर सांगितलं."

मशीनचा त्यांना राग नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक काहीबाही बोलले. नायलॉनचा गालिचा आला की ते स्वतःच म्हणायचे, मशीनवर न्या, जल्दी होतं. लोकरीचं मात्र कुणाला देत नसत. गरम पाणी आणि सोडा यांचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा पडायचा. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ऐन विशीत असताना वडिलांच्या मागं एका मोठ्या घरचा गालिचा त्यांनी एकट्यानं धुतला. वडील बाहेरगावी गेल्ते. म्हटलं, येईपर्यंत करून दाखवावं. गरम पाणी घेतलं, सोडा घेतला. लाल रंग फुटला आणि पांढऱ्या फुलांत शिरला. मालक आले, त्यांनी गालिचा बघितला, काही न बोलता गुंडाळून घेऊन गेले. "एक थप्पड मारली असती बाई, तर मी आज निवांत झोपलो असतो," चाचा म्हणाले. "बापाकडं त्या घरानं पुन्हा काम न्हाई दिलं. बाप मला कधी काही बोलला न्हाई. दोघंबी काहीच न्हाई बोलले." हे सांगतानाही ते समोरच्या सतरंजीच्या दशा सारख्या सरळ करत होते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. तिच्यात माझा काही मोठेपणा नाही.

आमच्या सासरी एक गालिचा आहे. आजेसासऱ्यांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेला, लोकरीचा, मोतिया रंगाच्या जमिनीवर निळ्या वेली. घरातल्या पोराचा किंवा पोरीचा साखरपुडा त्याच्यावरच बसून व्हायचा, असा रिवाज. गालिचा असतो जांबला, माझे मोठे दीर आणि जाऊबाई यांच्याकडं. जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. आणि मधली नऊ वर्षं आमचं जांबशी बोलणंच नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. आमच्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत मोठ्या भाऊजींचं नाव निमंत्रकांत आमच्या यांच्या खाली छापलं गेलं. छापणाऱ्याची चूक, पण तपासलं कुणी? मी. अक्का म्हणाल्या, थोरल्याला खाली बसवलंत. मी म्हणाले, इतकं काय त्यात. एवढ्यावरून नऊ वर्षं. सणाला फोन नाही, दुखण्याला येणं नाही. आमचे हे देवापुढं बसले की त्यांचा चेहरा बघवत नसे.

प्रसादचं, माझ्या मुलाचं, लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुठीत धरून जांबला गेले. पत्रिका तीनदा तपासून, भाऊजींचं नाव सगळ्यांत वर. अक्का बोलल्या नाहीत फारसं, पण निघताना गालिचा आणून जीपमध्ये ठेवायला लावला. म्हणाल्या, "आमच्या स्वातीचाबी साखरपुडा लग्नानंतर आठव्या दिवशी हाय. तोवर वापस आण. जपून." इतकंच. पण मला वाटलं, नऊ वर्षांचं कुलूप निघालं.

साखरपुडा छान झाला. गालिचा गुंडाळून ठेवायचा होता. पण नाही! हळदीला माझ्या माहेरची माणसं येणार होती, आणि मला दाखवायचं होतं की बघा, जांबहून गालिचा आलाय, जाऊबाईंनी स्वतः दिलाय. मिरवायची हौस हो, दुसरं काय. दिवाणखान्यात अंथरला. आणि माझ्याच हातातली हळदीची वाटी, तेलात कालवलेली, घसरली. मोतिया जमिनीवर थाळीएवढा पिवळाधमक डाग.

आता ऐका कहर. सातवीच्या पोरांना वर्षानुवर्षं हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवणारी मी, घाबरले आणि धुण्याचा सोडा घेऊन त्या डागावर घासायला लागले. डोळ्यांदेखत पिवळ्याचं लाल झालं. कुंकू सांडल्यासारखं. बाहेर हळदीची गाणी, आत मी लाल डागावर उशी ठेवून हसत बसले होते.

लग्न लागलं, त्याच दिवशी दुपारी मी गालिचा चादरीत बांधून चाचांकडं नेला. अजून सात दिवस हातात होते. चाचांनी गाठ सोडली, डाग बघितला आणि खाली बसले.

"सोडा?"

"हो."

"गरम पाणी?"

"कोमट. चाचा, मला शिव्या द्या, पण काही तरी करा. हा असा जांबला गेला तर संपलं. पुन्हा बोलणं नाही. आमचे हे मनानं खचतील."

त्यांनी कोपऱ्यावर ओला रुमाल दाबला. मी त्यांच्यासोबत मनात शंभर मोजले. रुमाल उघडला तर अगदी फिकट निळी रेघ. म्हणजे पाण्यानं धुणं बाद. प्रसाद सोबत होता. लग्नाच्या मुंडावळ्यांचा ठसा अजून कपाळावर आणि नवी नवरी घरात, तरी माझ्यामागं आला होता. म्हणाला, "आई, संभाजीनगरला मशीन आहे, वाफेनं दोन तासांत काढतात. चाचा, तुम्ही उगाच..." चाचांनी निळी रेघ असलेला रुमाल त्याच्यापुढं धरला. "घेऊन जा बेटा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण वाफ गरम असती. निळा धावंल. मंग हा डाग एक जागी न्हाई, सगळीकडं होईल." प्रसाद माझ्याकडं बघायला लागला. मला पटकन काम करून हवं होतं, आयुष्यभर तसंच लागत आलं होतं, आणि समोरचा माणूस मला 'थांबा' म्हणत होता. मी म्हणाले, इथंच राहू दे.

पहिला दिवस त्यांनी नुसतं ज्वारीचं पीठ टाकलं. तेल ओढून घ्यायला. दर तासाला पीठ झटकायचं, नवं टाकायचं. दुसऱ्या दिवशी सिरका, म्हणजे व्हिनेगर, पाण्यात पातळ करून, कापसाच्या बोळ्यानं, एकेक थेंब. सोड्याला आंबटाचा उतारा. लाल हळूहळू परत पिवळं झालं. मी टाळी वाजवली. चाचा दचकले. "बाई, अजून काही झालं न्हाई. आता आपण तिथं आलो जिथं तुम्ही वाटी सांडली त्या वक्ताला होता."

मग पिवळं कसं जायचं? ते म्हणाले, "हळदीला ऊन खातं. पण ऊन निळ्या वेलीबी खाईल." म्हणून त्यांनी काय करावं? डाग सोडून बाकी सगळा गालिचा काळ्या घोंगडीनं झाकला, पुठ्ठ्याला डागाच्या आकाराचं भोक पाडलं, ते डागावर ठेवलं आणि तेवढीच जागा उन्हात. ऊन सरकेल तसा गालिचा फिरवायचा, म्हणजे कडेची सावली डागावर पडायला नको. दिवसभर हा सत्तरीतला माणूस उकिडवा बसून. मी शाळा सुटली की जायचे. तिसऱ्या दिवशी पिवळं फिकं झालं. चौथ्या दिवशी साईसारखं. मी रोज विचारायचे, "जाईल ना?" ते रोज म्हणायचे, "ऊन राह्यलं तर."

पाचव्या दिवशी आभाळ आलं. माघात आभाळ यायची काही गरज होती का? सहाव्या दिवशीही तसंच. थेंब पडले म्हणून गालिचा शेडमध्ये घ्यावा लागला. चाचा पत्र्याखाली उभे राहून वर बघत होते, ओठ हलत होते, आणि त्या दिवशी मी विचारलं नाही की दुआ का मोजणी. माझंही तेच चाललं होतं.

सातव्या दिवशी सकाळी जांबला निघणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी स्वातीचा साखरपुडा. गालिचा उघडला तर तळहाताएवढी जागा अजून पिवळसर. ज्याला माहीत नाही त्याला कदाचित दिसलीही नसती, पण अक्कांना त्या गालिच्यातली वेल न् वेल पाठ. मी म्हणाले, "चाचा, मी काय सांगू त्यांना?"

चाचा म्हणाले, "मीबी येतो."

मला वाटलं, धुवायचं कसं ते समजावून सांगायला येत असतील. मला आधारही वाटला. जीपमध्ये भोकरदन ते जालना, जालना ते जांब, माणूस मागच्या सीटवर गालिच्याच्या गुंडाळीवर हात ठेवून बसलेला. मध्ये चहाला थांबलो तर उतरले नाहीत.

अक्कांनी ओसरीवर गालिचा उलगडला. वाकून हात फिरवत गेल्या आणि त्या जागेवर हात थांबला. वर बघितलं, माझ्याकडं. मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात चाचा पुढं झाले.

"अक्का, ते माझ्या हातून झालं. बाईनं साफ करायला दिल्ता. शेजारी हळदीच्या जाजमा पडल्या होत्या, त्यांचा डाग ह्याला लागला. वरून मी सोडा टाकला. गलती माझी हाय."

अक्कांचा चेहरा बदलला. जो राग माझ्याकडं येत होता तो वळला. "अहो, एवढ्या वर्षांचा हात तुमचा! आमच्या आजेसासऱ्यांची वस्तू! लोकरीला सोडा लावतं का कुणी? पोराटोराला कळतं ते तुम्हाला कळू नये?" त्या बोलत राहिल्या. चांगली दहा मिनिटं बोलल्या. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही सांगितलं. चाचा मान खाली घालून, हात एकात एक धरून उभे. सोडा ज्या माणसाच्या स्वप्नात येऊन त्याला जागं करायचा, तो माणूस म्हणत होता, मी सोडा टाकला.

आणि मी? मी गप्प बसले. दोनदा जीभ उचलली, दोनदा खाली ठेवली. अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "जाऊ दे गं सिंधू, तुझी काय चूक. तू तरी काय करणार. चल आत, चहा घे." नऊ वर्षांनी त्यांनी मला नावानं हाक मारली. मी आत गेले, चहा घेतला, स्वातीची साडी बघितली. खिडकीतून बघितलं तर चाचा बाहेर जीपला टेकून उभे होते, कान घराकडं. आत अक्का कशावरून तरी मोठ्यानं हसल्या तेव्हा ते खाली उकिडवे बसले आणि त्यांनी बिडी पेटवली.

परतताना मी रडले. म्हणाले, "चाचा, हे काय केलंत?"

"माझ्याशी त्या न्हाई बोलल्या तर काय बिघडतं बाई. मी कुठं त्यांच्या घरचा हाय."

पण बिघडलं. अक्का म्हणजे काय साध्या! त्यांच्या माहेरचं गाव भोकरदनजवळच. तालुक्यातल्या सोयऱ्याधायऱ्यांत बातमी पोचली, की तो म्हातारा आता कामातून गेला, आमचा गालिचा नासवला. देवळाच्या बैठकीही दुसरीकडं जायला लागल्या. दिवाळीनंतर मी गेले तर चाचा मांडवाच्या हिरव्या प्लॅस्टिक चटयांवर पाइपानं पाणी मारत होते. ज्यांना कुठलीच परीक्षा लागत नाही, असल्या. मी म्हणाले, "मी आज अक्कांना फोन करून खरं सांगते." त्यांच्या हातातला पाइप खाली पडला. "बिलकुल न्हाई! स्वाती तुमच्याकडं राह्यला आलीय ना, परीक्षेसाठी? दोन्ही घरचं जेवण एका पंगतीत व्हायलंय ना? मंग? अजून नवं नवं हाय ते. ऱ्हाऊ द्या." खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी रागावल्याचं नाटक केलं आणि घरी आले.

त्याच हिवाळ्यात जुबेदाभाभी गेल्या, आणि चाचांना त्यांच्या मुलीनं संभाजीनगरला न्यायचं ठरवलं. मी बसस्टँडवर डबा घेऊन गेले. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पत्र्याची एक पेटी. गाडी सुटता सुटता त्यांनी गजांतून हात बाहेर काढला. मला वाटलं, निरोप घेतायत. म्हणाले, "बाई, अक्काला सांगा, उन्हाळ्यात तेवढी जागा उन्हाला द्या. बाकीचं झाका. दोन उन्हाळ्यांत जाईल. माझं नाव सांगू नका, न्हाई तर करणार न्हाईत." गाडी वळली तरी ते मान काढून काहीतरी सांगत होते, पुठ्ठ्याबद्दल असावं. मला नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मुलीचा फोन आला, अब्बा गेले.

अक्कांना मी ते ऊन देण्याचं सांगितलं. माझं म्हणून सांगितलं, मी विज्ञानाची बाई. त्यांनी दोन्ही उन्हाळे इमानेइतबारे केलं.

परवा जांबला गेले होते. माझ्या नातीच्या बारशाला गालिचा हवा म्हणून अक्कांनी तो ओसरीवर काढला. मी खाली बसून शोधलं, डोळे ताणून शोधलं, बोटानं वेल मोजून शोधलं. जागाच सापडेना. अक्का गालिचा गुंडाळत म्हणाल्या, "बघ, गेला की नाही? त्या म्हाताऱ्यानं नासवला होता, पण आपण निस्तरलं."

आत स्वाती, प्रसाद, सूनबाई, सगळे हसत होते. आमचे हे आणि मोठे भाऊजी एका ताटात फराळ करत होते. मी गुंडाळीचं दुसरं टोक धरलं होतं, ते खाली ठेवलं.

"अक्का," मी म्हणाले, "तो त्यांनी नव्हता नासवला. मी नासवला होता."

अक्कांनी सुतळी बांधता बांधता वर बघितलं, आणि धीर सुटायच्या आत मी पुढचं सगळं सांगायला लागले.